नववं खोड

१

रुडी हरवला त्याच्या तीन दिवस आधी मी आजोबांचा एक नियम मोडला. मुद्दाम नाही. कंटाळा आला म्हणून.

आमचं काम झाडं मोजायचं. तोडणाऱ्या टोळ्या मागाहून येतात; त्याआधी कुणीतरी जाऊन रानात किती लाकूड उभं आहे ते सांगावं लागतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत विलापा नावाचे डोंगर आहेत; तिथे आमच्या घरातली माणसं तीन पिढ्या हेच सांगत आलीत, आणि तीन पिढ्यांत एकालाही दुसरं काही सुचलेलं नाही. मी कॉलेजात दोन वर्षं वनशास्त्र शिकले आणि एके दिवशी परीक्षेतून उठून बाहेर आले. आजोबांना वाटलं, पोरीचं डोकं ठिकाणावर आलं म्हणून घरी आली. मी घरी आले कारण गाडीत तेवढंच पेट्रोल होतं. का सोडलंस, हे घरात सगळ्यांनी विचारलं. रुडीने नाही विचारलं. माझा थोरला भाऊ. त्याने नुसता रंगाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चल, उद्यापासून तुझे हात निळे."

काम असं. नकाशावर ठिपका असतो, तिथे जाऊन काठी रोवायची. काठीपाशी मी टेपची चकरी धरून उभी राहते. टेपचं टोक घेऊन रुडी झाडीत शिरतो. पन्नास फुटांच्या आत जेवढी झाडं येतील त्या प्रत्येकाला मिठी मारून तो घेर घेतो आणि ओरडून आकडा सांगतो. वर्तुळ पुरं झालं की मी फिरून प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला निळा नंबर मारते. नेच्याची झुडपं माणसाच्या गळ्यापर्यंत येतात, पाऊस थांबत नाही, पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून टेपचे झटके ठरलेले. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे लिही. तीन म्हणजे गुंडाळ.

आणि नियम: झाडाला हात लावायच्या आधी वर बघायचं. शेंडा दिसला की मग हात. लहानपणी आजोबा हे शिकवताना आमच्या हेल्मेटवर टपली मारायचे. "शेंडा?" "शेंडा." "आता हात लाव."

का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कॉलेजात कळलं की वर अडकलेली वाळकी फांदी डोक्यात पडते, म्हणून. ठीक. पण हे रान चाळीस वर्षांपूर्वी लावलेलं, सगळं कोवळं, वाळकी फांदी शोधून सापडायची नाही. मग मान वर करून डोळ्यांत पाऊस कशाला घ्यायचा? मी बघायचं सोडलं. माझं बघून रुडीनेही सोडलं.

त्या सोमवारी शेवटच्या वर्तुळात आठ खोडं झाली आणि रुडी ओरडला, "अजून एक आहे गं, सहाच्या मागे."

"किती?"

"नव्वद इंच."

"बाकी सगळी साठाच्या आत आहेत."

"मग मी काय करू, कापून लहान करू? साल मऊ लागतेय. आतून सडलंय बहुतेक."

मी कागदावर लिहिलं: नऊ, नव्वद, सडकं. मग जाऊन नंबर मारला. रंग सालीवर बसेना, शेवाळात मुरायला लागला, म्हणून दोनदा गिरवला. माझ्या नऊचं शेपूट डावीकडे वळतं. रुडी त्याला माशाचा गळ म्हणतो.

मी वर बघितलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वर्तुळात गेलो. दर तिसऱ्या झाडाची उंची घ्यायची असते. तीन, सहा, नऊ.

तीन झालं. सहा झालं.

"लेम, नऊ कुठंय?"

माझं नाव लेम्पी. पणजीचं नाव माझ्यावर लादलंय. रुडी निम्मंच घेतो.

"सहाच्या मागे," मी म्हटलं.

"सहाच्या मागे मी उभा आहे."

मी गेले. सहाच्या मागे रुडी उभा होता आणि त्याच्या पायाखाली दोन हात लांबीरुंदीची काळी, ओली माती होती. भोवती सगळीकडे शेवाळ, एवढ्याच जागी नाही. खड्डा नव्हता, भुसा नव्हता, कापलेलं काही नव्हतं.

"चोरलं," रुडी म्हणाला. "सडकं झाड. मुळासकट. खांद्यावर टाकून."

"तू काल चुकीच्या ठिकाणी मोजलंस."

"मोजलं चुकीच्या ठिकाणी, पण रंग तर तू मारलास ना, बाईसाहेब?"

माझा उजवा अंगठा अजून निळा होता. मी कागद काढला. नऊ, नव्वद, सडकं. माझंच अक्षर. मी माझ्या परीने कारणं लावली. काल शेवटचं वर्तुळ होतं, अंधारून आलं होतं, आम्ही दमलो होतो, एखादं खोड दोनदा मोजलं असेल. पण मग त्या खोडावर दोन नंबर असायला हवे होते. आठही खोडं आम्ही फिरून बघितली. प्रत्येकावर एकच.

रुडीने खिशातून वेलदोड्याचा पाव काढला, अर्धा मला दिला. "नऊची उंची शून्य लिही," तो म्हणाला. आम्ही हसलो. मी शून्य लिहिलं.

३

बुधवारी आम्ही तिथून अर्धा मैल खाली ओढ्याकडे होतो; तिथे नेचे विरळ, खोडं लांबवर दिसायची. धुकं इतकं उतरलं होतं की दोन माणसांच्या उंचीवर सगळी झाडं पुसलेली. त्या दिवशी कुठल्याच झाडाला शेंडा नव्हता.

डबा खायला बसलो होतो. मी समोर बघत होते. कशाकडेच नाही, जेवताना बघतो तसं. खोडं, खोडं, खोडं. मग त्यांतल्या एकावर मला माझा नऊ दिसला.

चाळीस पावलांवर, हेमलॉकच्या दोन झाडांच्या मधे. शेपूट डावीकडे वळलेलं. रंग जरा ओघळला होता.

"रुडी."

त्याने बघितलं. घास गिळला. "कधी येऊन मारलास हा?"

"मला काय हौस आहे?"

"तुला आहेच. परीक्षेतून उठून येणाऱ्या माणसाला कसलीही हौस असू शकते." मग तोंडाभोवती हात धरून तो मास्तरासारखा ओरडला, "नऊ नंबर! हजर?"

रान गप्प होतं. पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

मी नकाशा बघायला मान खाली घातली. दोन श्वास, जास्त नाही. मान वर केली तर दोन हेमलॉकच्या मधे खोड होतं. निळं काही नव्हतं.

"तू बघत होतास ना?"

"बघत होतो."

"मग कुठे गेलं?"

"गेलं नाही," तो म्हणाला. "फिरलं." आणि मग हसला, पण ते हसू उशिरा आलं, आणि मला सगळ्यात भीती त्या उशिराची वाटली.

आम्ही जवळ जाऊन बघितलं नाही. वेळ नाही, असं दोघांनीही एकाच वेळी म्हटलं.

गाडीकडे येताना मी एकच विचार करत होते. तो नंबर मी मारला नसता तर मी त्याच्यासमोर बसून पाव खाऊन उठले असते. अशी किती जेवणं झाली असतील? माणसांपासून लपायला पळावं लागत नाही. गुहा लागत नाही. जिथे लाख खोडं आहेत तिथे नुसतं उभं राहायचं, आणि मोजणाऱ्याला कंटाळा यायची वाट बघायची.

४

संध्याकाळी आजोबा स्वयंपाकघरात बसले होते. दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी पीत होते. असे ते रोज पितात. तोंडात खडा असला की बोलावं लागत नाही, ही मोठी सोय.

मी सरळ सांगितलं. "सोमवारी मोजलेलं एक झाड आज ओढ्यापाशी होतं."

बशी ओठांशी थांबली. त्यांनी खडा काढून हातात घेतला.

"नंबर टाकला होतास?"

"टाकतोच ना आपण."

"आधी वर बघितलंस?"

रुडी बूट काढता काढता थांबला.

आजोबांनी खडा परत दातांत धरला, बशी रिकामी केली, मिशा पुसल्या. "ओढ्यापलीकडची चार वर्तुळं सोडा," ते म्हणाले. "आकडे मी भरतो."

हा माणूस अर्ध्या इंचाच्या फरकासाठी आम्हाला पावसात मैलभर परत पाठवायचा. चुकीचा आकडा लिहिला म्हणून त्याने माझ्या बापाशी वर्षभर अबोला धरला होता. आणि आता म्हणतोय, आकडे मी भरतो.

"का सोडायची?" मी विचारलं.

"सोडा म्हटलं ना."

"का, म्हटलं ना मी पण."

"लेम्पी, आवाज."

"आजोबा," रुडी समजुतीने म्हणाला, "चारच तर आहेत. उद्या दुपारपर्यंत उरकतो. खोटे आकडे लिहून तुमचं नाव कशाला घालवायचं?"

आजोबांनी रुडीकडे बघितलं. खूप वेळ. तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. मी शपथेवर सांगते, काहीतरी जिभेवर आलं होतं त्यांच्या. एक वाक्य पुरलं असतं. कसलंही, वेड्यासारखं, अर्धवट.

"पाव झाकून ठेवा," ते म्हणाले. "मुंग्या लागतात." आणि उठून आत गेले.

५

गुरुवारी सकाळी दहाला ओढ्यापलीकडे दुसरं वर्तुळ. भुरभुर पाऊस. मी काठीपाशी, चकरी हातात. रुडी टोक घेऊन आत शिरला. नेचे त्याच्यावर मिटले.

"वर बघून हात लाव," मी ओरडले.

"हो गं, आजीबाई!"

पहिलं झाड. दोन झटके. "बावन्न!" मी लिहिलं. दुसरं. "अठ्ठेचाळीस! आणि शेंडा आहे, सही करून देऊ?" मी हसले. तिसरं.

दोन झटके आले. आकडा आला नाही.

"किती?"

टेप सरकायला लागला. तीस फूट, चाळीस, पन्नास.

"रुडी, बाहेर गेलास! पन्नासच!"

त्रेसष्ट. एकाहत्तर. चकरी माझ्या हातात फिरत होती. घाई नव्हती, ओढाताण नव्हती. माणूस फिरायला निघावा तसा टेप जात होता. अठ्ठ्याऐंशी. शंभरावर टेप संपतो. माझ्या हाताला हिसका बसला आणि टेप ताठ झाला.

"रुडी, ही थट्टा आहे का?"

दोन झटके.

मी त्याचं नाव घेत राहिले. आवाज नेच्यांत बुडत होता. पलीकडून दोन झटके. मग तीन.

तीन म्हणजे गुंडाळ. मी चकरीची मूठ फिरवली. फिरेना. पलीकडून घट्ट धरलं होतं. पुन्हा तीन झटके. गुंडाळ म्हणत होतं आणि सोडत नव्हतं. पलीकडे जे होतं त्याला झटके माहीत होते. एक, दोन, तीन, किती वर्षं बघून बघून पाठ झाले असतील कोण जाणे. त्यांचा अर्थ त्याला माहीत नव्हता.

मी काठी सोडली आणि टेप हातात धरून चालायला लागले. टेप ताठ होता, भिंतीला बांधल्यासारखा. वीस फूट. पन्नास. ऐंशी. नेच्यांतून पुढचं दिसत नव्हतं. शेवटची सहा पावलं राहिली आणि टेप माझ्या हातात सैल पडला.

टोक शेवाळावर होतं. टाकलेलं नाही, ठेवलेलं. भोवती खोडं. रुडी नव्हता. किंकाळी नाही, मोडलेली फांदी नाही, चिखलात पाऊल नाही.

मी उभी राहिले. शेवाळावरचं टोक बघत राहिले. वर बघितलं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही, इथे लिहिते. मी वर बघू शकले असते, आणि बघितलं नाही.

६

चाळीस माणसं आली. कुत्री आली. शोधाची सूत्रं कोलीन नावाच्या पोलीस डेप्युटीकडे होती. भली बाई, पायांत पुरुषी बूट. तिने माझ्याकडून सगळं तीनदा लिहून घेतलं. टेपचं सांगितलं तेव्हा तिने पेन थांबवलं.

"म्हणजे तो धरून उभा होता."

"कुणीतरी धरून उभं होतं."

"बाळ, तू दोन दिवस झोपलेली नाहीस." आणि तिने लिहिलं: घसरला असण्याची शक्यता. ओढा, उतार, पाऊस.

लोक रुडीच्या नावाने ओरडत रानात शिरत होते. आजोबा रस्त्याच्या कडेला उभे होते. ओरडत नव्हते. मान वर करून एकेका झाडाचा शेंडा बघत होते, आणि ओठ हलत होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हाक का मारत नाही?"

"घसा बसलाय."

"वर काय मोजताय?"

"तू घरी जा."

"तुम्हाला माहीत होतं."

"मला काही माहीत नाही," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरं होतं. "माझ्या बापाने सांगितलं वर बघ, मी वर बघत आलो. एवढंच आहे."

"आणि शेंडा नसला तर?"

"तर मोजायचं नाही. पुढचं झाड घ्यायचं. मागे बघायचं नाही."

"किती वेळा नव्हता?"

त्यांची बोटं हलली. अंगठा एका बोटावर, दुसऱ्या बोटावर, तिसऱ्या. मग त्यांनी मूठ मिटली.

"हे आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर हसली असतीस."

"हो, हसले असते," मी म्हटलं. "हसले असते, आणि पुढच्या प्रत्येक झाडापाशी वर बघितलं असतं. तुम्हाला स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. त्या हश्याच्या बदल्यात तुम्ही रुडी दिलात."

लोकांसमोर म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. मी बोलले. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

७

तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे सगळ्यांची रांग लावली. दोन माणसांत वीस फुटांचं अंतर, सगळ्यांनी एकाच चालीने सरकायचं. मी रांगेच्या टोकाला. माझ्या शेजारी लाकूड कापायच्या गिरणीत काम करणारा हॉलिस नावाचा माणूस. त्याचा आवाज यायचा, तो दिसायचा नाही. पाऊस थांबला होता, पण थंडी अशी होती की बोटं वळत नव्हती. सूर्य तीन दिवसांत उगवलाच नव्हता.

मी प्रत्येक खोडापाशी मान वर करत होते. शेंडा. शेंडा. शेंडा. हजारदा केलं असेल. मान आखडली होती.

चारच्या सुमाराला नेचे विरळ झाले आणि एक खोड आलं. मी वर बघितलं आणि वर आभाळ होतं.

खुंटच होता. आमच्या रानात असे कितीतरी आहेत, शंभर वर्षांपूर्वी कापलेल्या जुन्या सीडर वृक्षांचे. हा माझ्याहून दीडपट उंच, रुंद, शेवाळलेला. एका अंगाला खांद्यासारखा उंचवटा, त्यावर नेचा उगवलेला. पंधरा पावलांवर. त्याला चिकटून दुसरा, बारका. माणसाएवढा. त्याच्यावरही शेवाळ होतं, पण नवं. अजून नीट न धरलेलं, कुणीतरी मूठमूठभर लावल्यासारखं.

त्या बारक्या खुंटाच्या वरच्या टोकाशी वाफ दिसली. पांढरी, थोडीशी. विरली. मग पुन्हा आली. विरली. पुन्हा आली.

ओल्या लाकडाची वाफ होते. उन्हात कुंपणाचे खांब सकाळी वाफाळतात, मी स्वतः बघितलंय. पण त्याला ऊन लागतं. आणि उन्हाची वाफ थांबून थांबून येत नाही.

"काही दिसलं का गं तिकडे?" हॉलिस ओरडला.

मी त्याला उत्तर दिलं नाही. एक पाऊल पुढे टाकलं आणि अगदी हळू म्हटलं, "रुडी."

वाफ थांबली.

मी बघत राहिले. काहीच हललं नाही. मी मनात आकडे मोजायला लागले, दुसरं काही येत नाही मला. वीस. चाळीस. मोठ्या खुंटावरून पाणी ठिबकलं. साठ. बारक्याच्या शेवाळातून एक थरथर खालपर्यंत गेली, पाण्यात बुडी मारून राहिलेल्या माणसाच्या अंगातून जाते तशी. सत्तर. वाफ नाही. ऐंशी. मी पुढे जायला पाय उचलला आणि ती थरथर वाढली. मी पाय मागे घेतला. तेवढीच ती निवली.

लांब कोलीनची शिट्टी वाजली. अंधार पडायच्या आत सगळ्यांनी परत फिरायचं.

"ए पोरी! आहे का काही?"

शंभर. मी बघत होते तोवर तो श्वास घेणार नव्हता.

"काही नाही," मी ओरडले. "खुंट आहेत." आणि मी पाठ फिरवली.

चार पावलं गेले असेन. मागून श्वास सुटल्याचा आवाज आला, लांब, फाटका, फार वेळ कोंडलेला. मग घाईघाईने दुसरा, तिसरा. मी वळले नाही. शिट्टीच्या दिशेने चालत राहिले, जेवढी हळू चालता येईल तेवढी हळू, म्हणजे त्याला नीट घेता यावेत.